मधल्या रिळेतली केसरबाई

नाना, तुमच्या तेराव्याला मी वरण-बट्टी दोनदा मागून घेतली. वाढणारा तुमचा पुतण्या म्हणाला, "सर, घरचंच समजा." मी समजलो. तुम्ही असता तर पंगतीच्या दुसऱ्या टोकावरून सांगितलं असतं, "त्याला तूप जास्त घाल रे, घसा हेच त्याचं भांडवल आहे." आणि खरंच दुसऱ्या दिवशी जळगावात एका मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाचं निवेदन माझ्याकडे होतं. मी गेलो, लोकांना हसवलं. मधेच माइक खरखरला आणि मी सवयीनं मागे वळून पाहिलं, तुम्ही वायर हलवताय का म्हणून. मागे कोणीच नव्हतं.

पेपरात चार ओळी आल्या तुमच्याबद्दल. धुळ्यातलं जुनं लाउडस्पीकरचं दुकान, मनमिळाऊ स्वभाव, मागे पत्नी, मुलगी, नातवंडं. सगळं बरोबर आहे. पण त्यात मधली रीळ नाही, केसरबाई नाही, आणि मी तुमच्याशी तीस वर्षं जे खोटं बोललो तेही नाही. ते पेपरवाल्यांना कुठून कळणार. ते मलाच लिहायला हवं, आणि तुम्हालाच उद्देशून लिहायला हवं, कारण बाकीच्यांना सांगायला लागलो की मी त्याचा कार्यक्रम करतो. तुम्हाला माहीतच आहे.

मी कॉलेजात होतो आणि अभ्यास सोडून सगळं करत होतो. तुमच्या दुकानात माइक तपासायला म्हणून यायचो आणि संध्याकाळपर्यंत माइक सोडायचो नाही. जिथं नुसतं "हॅलो, हॅलो" म्हणायचं असतं तिथं मी नाटकातला अख्खा प्रवेश म्हणायचो. गिऱ्हाईक विचारायचं, "नाना, हा रेडिओ बंद होतो का?" तुम्ही शांतपणे म्हणायचात, "त्याचं बटण आम्हालाही सापडलेलं नाही."

तुमच्याकडे सोळा एमएमचा एक प्रोजेक्टर होता. जत्रेला, सप्ताहाच्या समाप्तीला गावं तुम्हाला बोलवायची. मॅटाडोरमध्ये पडदा, दोन कर्णे, जनरेटर आणि देवाच्या सिनेमाच्या पत्र्याच्या पेट्या. प्रोजेक्टर एकच, म्हणून एक रीळ संपली की थांबायचं, ती उतरवून दुसरी चढवायची. गावांना याची सवय होती. तेवढ्यात माणसं विड्या ओढत, चहाची किटली फिरे, बाया पोरांना बाजूला नेऊन आणत. पण घरी कोणी जात नसे. देव संकटात अडकलेला असताना घरी कोण जाणार?

हे तुम्ही बरोबर हेरलं होतं. दुसरी रीळ संपली, देव पुरता अडचणीत आला, की तुम्ही तिसरी चढवायच्या ऐवजी वेगळीच चढवायचात. वीस मिनिटांची, काळी-पांढरी. सेन्सॉरचं सर्टिफिकेट नसलेली, म्हणून कुठल्याच थिएटरला न लागलेली. आपण तिला मधली रीळ म्हणायचो. गावातले लोक बुचकळ्यात पडून बघत बसायचे. एकदा दोंडाईच्याजवळच्या एका गावात एका आबांनी मला विचारलं होतं, "भाऊ, देवनं पिक्चर संपी गयं का?" मी म्हणालो, "नाही आबा, देव जरा जिनिंगमध्ये गेलाय." तुम्ही प्रोजेक्टरमागून माझ्याकडे असं बघितलंत की मी भज्यांच्या गाडीकडे सटकलो.

फिल्म एका जिनिंगमधल्या बायांची होती. कापसातून सरकी काढायच्या मशीनमध्ये एका मुलीचा हात गेला. मालक म्हणाला, ही आमच्याकडची नाही, मस्टरवर हिचं नाव नाही. बायांनी मस्टर बघायला मागितलं तेव्हा कळलं की त्यावर एकीचंही नाव नाही. बावीस बाया, कोणी आठ वर्षं काम करणारी, कोणी दहा, आणि कागदावर त्या नव्हत्याच. त्या दारात बसल्या. मुंबईहून एक ताई उसना कॅमेरा घेऊन आली आणि तिनं ते टिपलं. शेवटी त्यांच्यातली पुढारीण, केसरबाई, दारासमोर उभी राहते आणि सरळ कॅमेऱ्यात बघून एकेका बाईचं नाव घेते. एक नाव, मग थांबते, मग पुढचं. मागे त्या बाया बसलेल्या. जवळजवळ तीन मिनिटं हेच. घोषणा नाही, भाषण नाही. नावं.

पुढे जिनिंग बंद पडली. बाया पांगल्या, कोणी सुरतेकडे, कोणी ऊसतोडीला. ताई परदेशी गेली, तिकडेच वारली. तिच्याकडचं सगळं सामान एका तळघरात पाणी शिरून गेलं. जाण्याआधी तिनं एक प्रिंट तुमच्याकडे ठेवली होती. फिल्मवर आवाज उमटवणं तिला जमलं नव्हतं, तो वेगळ्या कॅसेटवर होता. रीळ सुरू झाली की तुम्ही टेपचं बटण दाबायचात. "इथल्या लोकांना दाखवत राहा, नाना," ती म्हणाली होती. "माझ्याकडे ही कपाटातच मरेल."

त्या कॅसेटला तुम्ही किती जपायचात. कर्ण्यांतल्या लोहचुंबकानं आवाज पुसला जाईल म्हणून ती दुकानात ठेवायची नाही, घरी अक्कांच्या पापडाच्या डब्यात ठेवायची. शोच्या दिवशी रुमालात गुंडाळून आणायची. तिच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन्ही कान तुम्ही मोडून टाकले होते, म्हणजे कोणी चुकून तिच्यावर रेकॉर्ड करायला गेलं तर टेपचं बटणच दबू नये.

आता ऐका. तीस वर्षं उशीर झालाय, पण ऐका.

एका शोहून आपण दमून आलो आणि ती कॅसेट तुमच्या टेबलाच्या खणातच राहिली. उन्हानं लेबल गळून पडलं होतं. दोन दिवसांनी तुम्ही चाळीसगावला गेला होता आणि दुकानात मी एकटा. माझी एकांकिका स्पर्धा तोंडावर आली होती. मला माझा आवाज ऐकायचा होता. कोरी कॅसेट सापडेना. खणात ही दिसली. मला वाटलं, आरत्यांची असेल, तुमच्याकडे पोत्यानं होत्या. पण कान मोडलेले होते, नाना, आणि ते मी पाहिले. मोडलेल्या कानांचा अर्थ मला कळत होता. मी खिशातलं बसचं तिकीट चघळून त्याचा बोळा केला आणि मोडलेल्या कानाच्या भोकात दाबला. त्या काळी सगळे तसंच करायचे. बटण दबलं. दुपारभर मी माझा उतारा म्हणत राहिलो. एक बाजू संपली तेव्हा दुसऱ्या भोकातही बोळा घालून उलटी लावली.

पुढच्या शोच्या दिवशी तुम्ही खण उपसायला लागलात. "लेबल पडलेली एक कॅसेट होती इथं, दिल्या. केसरबाईची."

म्हणजे ती आरत्यांची नव्हती. आणि मी, ज्याला एरवी एका वाक्याच्या जागी दहा सुचतात, एवढंच म्हणालो, "ती टेपनं खाल्ली, नाना. फार गुंतली होती. मी टाकून दिली."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "बरं. मग आज तू बोल."

असा मी केसरबाई झालो.

आधी नुसती हकीकत सांगायचं ठरलं होतं, हातात माइक घेऊन, पडद्याशेजारी उभं राहून, अहिराणीतून. शेवटचा प्रसंग आला. केसरबाईचे ओठ हलायला लागले आणि माझ्याकडे नावं नव्हती. ती रीळ मी आठ-दहा वेळा दाखवायला मदत केली होती, पण त्या वेळी मी नेहमी भज्यांच्या गाडीवर असायचो. मला दोन नावं आठवत होती. ती घेतली. ओठ हलतच होते. समोर दोनशे माणसं. मग मी बोललो, "आम्हना हात चालतस तुम्हले, मंग आम्हनं नाव काबरं नही चालत?" आणि त्यापुढे जे सुटलो ते ओठ थांबेपर्यंत थांबलो नाही. माय काढली, माती काढली, कापसाचं पांढरं आणि कपाळाचं पांढरं काढलं. दिवा लागला तेव्हा बाया पदरानं डोळे पुसत होत्या. एक आबा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बठ्ठा गाव रडना, भो. आते त्या देवले बाहेर काढ."

परतताना मॅटाडोरमध्ये आपलं पहिलं भांडण झालं. पुढे ते किती वेळा झालं, पण शब्द तेच राहिले.

"तू तिला नाटकातली केलीस."

"लोक रडले, नाना."

"ती रडवत नाही. ती नावं सांगते."

"बावीस नावं कोण ऐकतं? यादी होते ती."

"यादीच आहे. मस्टरवर नव्हती म्हणून तिनं तिथं केली."

मी म्हणालो की गावकऱ्यांना विचारा. गावकरी माझ्या बाजूचे होते. हे भांडण मी दर वेळी जिंकत गेलो, आणि दर शोला, मी भाषणात रंगलो की मागे प्रोजेक्टरच्या घरघरीत तुमचं पुटपुटणं ऐकू यायचं. ठगूबाई. सुपडाबाई. बेबाबाई. तुम्हाला आठवत होती ती सहा नावं तुम्ही घेत होतात, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात. मला जायचं. मी आवाज चढवायचो.

मग टीव्ही आला, केबल आली, गावं बोलवेनाशी झाली. नव्वदनंतर केव्हातरी तुम्ही ठरवलं की रिळेची व्हिडिओ कॅसेट करायची. लग्नाचं शूटिंग करणारा एक ओळखीचा माणूस आणलात, दुकानाच्या भिंतीवर रीळ पाडली आणि त्यानं ती टिपली. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद, शटर खाली, मी बनियनवर माइक धरून उभा. सुरू करण्याआधी तुम्ही म्हणालात, "दिल्या, निदान आज नावं घे."

"तुम्हाला किती येतात?"

"सहा."

"आणि बाकीच्या सोळा जणींचं काय करू?"

मला आठवतं, तुम्ही चष्मा काढून शर्टाला पुसलात. मी तेव्हा सांगू शकलो असतो. आपण तिघंच होतो, शटर खाली होतं. तुम्ही चष्मा परत घातलात आणि म्हणालात, "बोल तुझं."

ती कॅसेट तुम्ही मागेल त्याला दिलीत. कुठल्याशा युनियनची माणसं, कॉलेजातले प्राध्यापक, नाशिकहून आलेल्या दोन मुली. तुमची अट एकच, कॅसेट परत आणू नका, तिची आणखी एक प्रत करून दुसऱ्याला द्या. तुम्ही केसरबाईला वाटत होता आणि सगळीकडे जात होतो मी. नाना, माझी सगळी पुढची कमाई त्यातून आली. मला पहिलं निवेदन मिळालं ते "केसरबाईचं भाषण म्हणणारे" म्हणून. साहित्य संमेलनाच्या एका मांडवात तर लोकांनी ते उभं राहून ऐकलं. मी घरी येऊन तुम्हाला फोनवर सांगितलं. तुम्ही म्हणालात, "छान. जेवलास का?"

गेल्या वर्षी पुण्याहून अनघा आली. ती आणि तिचे सोबती असल्या फिल्मा गोळा करतात, ज्या थिएटरनी दाखवल्या नाहीत, टीव्हीनं दाखवल्या नाहीत, आणि इंटरनेटवर ठेवून देतात. कोणीही बघा, कोणीही उतरवून घ्या, फुकट. तिनं तुमची प्रिंट नेली, धुतली, एकेक चौकट स्कॅन केली आणि फोनवर आणून दाखवली. तुम्ही तो फोन डोळ्यांपासून चार बोटांवर धरलात. "हिच्या नाकात चमकी आहे, दिल्या," तुम्ही म्हणालात. "इतकी वर्षं मी ही रीळ फिरवली आणि मला चमकी दिसली नाही."

मी म्हणालो, आता एवढी छान झालीये तर कोण बघतंय त्यांची नावं-गावं तरी लिहून घ्या. तुम्ही मान हलवलीत. "दारात वही ठेवली की अर्धे लोक परत जातात. आपली एक यादी आहे. तीच अजून नीट झालेली नाही."

मग आवाजाचा प्रश्न निघाला. अनघाला वाटत होतं की व्हिडिओ कॅसेटवरचा माझा आवाज लावावा, दुसरा आहेच कुठं. मला तर त्यात विचारण्यासारखंही काही वाटलं नाही. तुम्ही म्हणालात, "मुकी ठेवा."

"मुकी कोण बघेल, नाना?"

"ज्याला बघायची तो बघेल. निदान तिच्या तोंडी दुसऱ्याचं काही नसेल."

अनघा बिचारी एकदा तुमच्याकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. मी चिडून निघून आलो. त्यानंतर तुमचे तीन फोन आले. "जळगावला यायचं म्हणतो. तुझ्याकडे काम आहे." पहिल्यांदा लग्नसराई होती. दुसऱ्यांदा एका पतसंस्थेचा वर्धापनदिन. तिसऱ्यांदा मी म्हणालो की पुढच्या आठवड्यात नक्की, आणि तुम्ही म्हणालात, "राहू दे मग. तुला सवड झाली की सांग."

मला सवड झाली तेव्हा तुम्ही दवाखान्यात होता, तोंडावर मास्क. तुम्हाला बोलता येत नव्हतं. मी तासभर तुमच्या खाटेशी बसून बोललो. सिस्टरला हसवलं, शेजारच्या पेशंटला हसवलं. तुम्ही माझा हात धरून ठेवला होता आणि मधेच दाबत होता. तुमचे ओठ मास्कच्या आत हलले. काय म्हणताय ते कळलं नाही, म्हणून मी आपल्या अंदाजानं उत्तर दिलं. जुनीच व्यवस्था आपली. सांगायचं ते सोडून मी सगळं सांगितलं आणि रात्रीच्या गाडीनं परत आलो.

तेराव्याची माणसं गेल्यावर अक्कांनी मला आत बोलावलं. ट्रंकेतून एक रुमाल काढला. "हे तुझं आहे म्हणाले होते."

रुमालात ती कॅसेट होती. दोन्ही भोकांत बोळे तसेच, वाळून दगड झालेले. मी ती टाकून दिली असं म्हणालो होतो, पण टाकायला हात धजला नव्हता, म्हणून आरत्यांच्या पोत्यात खाली खुपसली होती. तिच्यावर नवं लेबल होतं, तुमच्या अक्षरात: दिलीप. एकांकिका. आवाज चांगला लागला आहे.

मी तिथंच पापडाच्या डब्याशेजारी बसलो. अक्का म्हणाल्या, "चहा टाकू का?"

कधी ऐकलीत, नाना? "बरं, मग आज तू बोल" म्हणालात तेव्हा माहीत होतं? की नंतर कधी पोतं उपसताना सापडली? लेबलावर तारीख का नाही घातलीत? तुम्ही तर फ्यूज बदलला तरी तारीख लिहायचात. मला आधी रडू आलं, की या माणसानं मला किती सांभाळलं. आणि मग, खरं सांगतो, तुमचा राग आला. अजून आहे. तेव्हाच एक कानफटात मारली असती तर मी दुसऱ्या दिवशी सुरतेची गाडी पकडली असती. तेव्हा त्या बाया तरुण होत्या, एकीकडून दुसरीचा पत्ता लागला असता, बावीसच्या बावीस नावं एका वहीत आली असती. तुम्ही माझं तोंड राखलंत आणि त्यांची नावं जाऊ दिलीत. हे तुम्हालाही कळत असणार, म्हणून तर मागे उभं राहून सहा नावं पुटपुटत होता. या भांडणात माझी बाजू खरी आहे, नाना, आणि पहिल्यांदाच खरी असताना समोर तुम्ही नाही.

रुमालात तुमची खिशातली डायरीही होती. शेवटच्या लिहिलेल्या पानावर: केसरबाई, पिंप्राळा, मुलीकडे. खाली कॉलनीचं नाव आणि गल्ली. त्याखाली: दिलीपला घेऊन जाणे.

पिंप्राळा जळगावातच, माझ्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं आहे.

मी अनघाला बोलावून घेतलं आणि आम्ही गेलो. केसरबाईची मुलगी अंगणवाडी सेविका आहे, तिनं दार उघडलं. केसरबाई पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या, जाड चष्मा, नाकात ती चमकी. मी सांगितलं, धुळ्याचे नाना गेले. त्या म्हणाल्या, "उनथात ना नाना. दोन म्हयना व्हयनात. पोऱ्याले लई येसू, बोलनात." म्हणजे तुम्ही एकटे येऊन गेला होता. मला घेऊन परत येतो म्हणाला होता.

अनघानं लॅपटॉप उघडला. आधी माझ्या आवाजाची फिल्म लावली, तीच तिच्याकडे तयार होती. मी खिडकीकडे बघत राहिलो. माझं भाषण त्या छोट्या खोलीत फार मोठं वाटत होतं. संपल्यावर केसरबाई पडद्याकडे वाकल्या.

"तोंड मन्हं शे," त्या म्हणाल्या. "बोलनं कोनं शे?"

मी सांगितलं. एकांकिका, बसचं तिकीट, बोळा, टेपनं खाल्ली म्हणालो ते, सगळं. पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होतो आणि नेमकी तीच माणसं समोर होती. त्यांची मुलगी चहाचा ट्रे हातात घेऊन दारातच थांबली.

"चांगलं बोलस तू," केसरबाई म्हणाल्या. मग, "पन इतलं बोलू देतं का आम्हले कोनी? मी फक्त नावं सांगात. तितलंच व्हतं मन्हाजोडे."

मी म्हणालो, "मावशी, ती नावं आता सांगाल?"

अनघानं आवाज बंद करून शेवटचा प्रसंग लावला. केसरबाईंनी पडद्यावर स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं, जसं आंधळा माणूस चाचपडतो तसं, आणि ओठांबरोबर बोलायला लागल्या. ठगूबाई. सुपडाबाई. बेबाबाई. निंबाबाई. तुमची सहा त्यात आली. अनघाचा रेकॉर्डर चालू होता. सतराव्या नावानंतर त्या थांबल्या. पडद्यावरचे ओठ पुढे हलत राहिले.

"फिरी लाव."

परत लावलं. परत सतरा. किती वेळा लावलं ते मी मोजलं नाही. त्या मागे बसलेल्या बायांकडे बोट करून सांगायच्या, "हिन्हं लुगडं हिरवं व्हतं. हिन्ही पोर मन्हा मांडीवर निजे." काळ्या-पांढऱ्या पडद्यावर त्यांना रंग दिसत होते. नाव येत नव्हतं.

"आई, राहू दे आता," मुलगी म्हणाली.

"थांब वं."

नाना, त्या वेळी माझ्याकडे पाच नावं तयार होती. खोटं कशाला सांगू. मथुराबाई, द्वारकाबाई, कुठलीही चालली असती. ओठांवर बसवता येतात, मी तीस वर्षं तेच केलंय. मी नुसतं म्हणायचं होतं, "मावशी, ही द्वारकाबाई तर नव्हे?" आणि त्या थकल्या होत्या, हो म्हणाल्या असत्या. नाव जिभेवर आलं होतं. मी कप उचलला आणि गार झालेला चहा प्यालो.

फिल्म आता इंटरनेटवर आहे. केसरबाईंचा आजचा आवाज, सतरा नावं, मग पाच वेळा ओठ हलतात आणि काही ऐकू येत नाही. अनघानं विचारलं होतं, तिथं हलकं संगीत घालू का. मी नको म्हणालो. खाली माहितीत मी लिहून दिलंय की मूळ आवाज मी पुसला, कशासाठी पुसला आणि किती वर्षं लपवला, माझ्या पूर्ण नावानिशी. बायको म्हणाली, "कार्यक्रम कमी होतील." दोन कमी झाले. एक संयोजक म्हणाले, सर, ते सगळं ठीक आहे, पण वर्धापनदिनाला ते भाषण तेवढं म्हणा ना. मी म्हणालो, ते आता मला येत नाही. हे तुमच्या मनासारखं झालं का, मला माहीत नाही. तुम्ही मुकी ठेवा म्हणाला होता. मला वाटतं तुम्हीही तिला बोलतं करायलाच मला घेऊन जाणार होता.

पंधरा दिवस फिल्मखाली कोणी काही लिहिलं नाही. परवा सकाळी सुरतेहून एका माणसानं लिहिलं की दुसऱ्या ओळीत डावीकडून चौथी, तोंडावर पदर धरलेली, ती माझी आजी. घरात तिचा एकही फोटो नाही. नाव झेलाबाई.

मी लगेच पिंप्राळ्याला फोन लावला. मुलीनं केसरबाईंना दिला. मी दुसरं काही न बोलता ते नाव सांगितलं.

"झेली," केसरबाई म्हणाल्या. "हां. झेली. लिखी ले."

काल जाऊन त्यांच्या आवाजात ते नाव घेऊन आलो, अनघानं ते जागेवर बसवलं. अजून चार ठिकाणी ओठ हलतात आणि आवाज येत नाही. फिल्म उघडीच ठेवली आहे, नाना.